एबीए थेरपी आणि लायसन्स: अमेरिकेतल्या मराठी आईबाबांचे नेहमीचे प्रश्न

एबीए म्हणजे अप्लाइड बिहेवियर ॲनालिसिस, ऑटिझम असलेल्या मुलांना शिकवण्याची एक थेरपी. मी टेक्ससमध्ये राहते, बीसीबीए (म्हणजे या थेरपीचा प्लॅन बनवणारी सर्टिफाइड बिहेवियर ॲनालिस्ट) आहे, राज्याचं लायसन्सही आहे, आणि त्याआधी काही वर्षं आरबीटी (म्हणजे प्रत्यक्ष थेरपी देणारी टेक्निशियन) म्हणून मुलांबरोबर जमिनीवर बसून काम केलंय. मुलाचं ऑटिझमचं निदान झालं की आईबाबांच्या हातात पंधरा फोन नंबरांची यादी येते आणि त्यातलं कोण खरंच शिकलेलं आहे, कोणाला सरकारने परवानगी दिलीय, हे कोणीच सांगत नाही. मंडळाच्या गणपतीत, ग्रोसरीच्या रांगेत, रात्री अकरा वाजता व्हॉट्सॲपवर मला जे विचारलं जातं ते सगळं इथे एकत्र लिहितेय.

बिहेवियर ॲनालिस्ट म्हणजे सायकॉलॉजिस्टच ना?

नाही, वेगळा पेशा आहे. बिहेवियर ॲनालिस्ट निदान करत नाही, औषध देत नाही. मूल एखादी गोष्ट का करतं, त्याच्या आधी काय घडतं आणि नंतर काय घडतं हे बघून, मोजून, शिकवण्याचा प्लॅन बनवायचा आणि तो चालतोय का हे रोजच्या डेटावरून तपासायचं, हे त्याचं काम. ऑटिझमचं निदान डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियन, सायकॉलॉजिस्ट वगैरे करतात. कोणी बिहेवियर ॲनालिस्ट पहिल्या भेटीत "मी बघून सांगते ऑटिझम आहे का ते" म्हणाली तर तिथेच थांबा, ते तिचं काम नाही.

सर्टिफिकेट आहे म्हणतात. म्हणजे लायसन्स आहे असंच ना?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो म्हणून जरा सविस्तर सांगते.

सर्टिफिकेट देते ती बीएसीबी, म्हणजे बिहेवियर ॲनालिस्ट सर्टिफिकेशन बोर्ड. नावात बोर्ड असलं तरी हे सरकार नाही, १९९८ मध्ये सुरू झालेली खाजगी ना-नफा संस्था आहे, कोलोरॅडोत. बीसीबीए व्हायला मास्टर्स लागतं, ठरलेला अभ्यासक्रम लागतो, देखरेखीखाली १५०० किंवा २००० तास काम लागतं (देखरेख जास्त दाट असेल तर १५००, नाहीतर २०००) आणि मग चार तासांची १८५ प्रश्नांची परीक्षा. दर दोन वर्षांनी रिन्यू करायचं, त्या दोन वर्षांत ३२ तासांचं शिक्षण, त्यात एथिक्सचे ४ तास पाहिजेतच.

लायसन्स देतं ते राज्य. टेक्ससमध्ये ते टीडीएलआर, म्हणजे टेक्सस डिपार्टमेंट ऑफ लायसन्सिंग अँड रेग्युलेशन, तेच डिपार्टमेंट जे इलेक्ट्रिशियन आणि न्हाव्यांना पण लायसन्स देतं. इथला कायदा २०१७ मध्ये झाला आणि १ सप्टेंबर २०१८ पासून लायसन्स सक्तीचं झालं. बहुतेक राज्यं लायसन्स देताना बीएसीबीचं सर्टिफिकेट आहे का तेच आधी बघतात, म्हणून लोकांना दोन्ही एकच वाटतं.

फरक कळतो तो काही बिघडलं की. बीएसीबी फार तर स्वतः दिलेलं सर्टिफिकेट काढून घेऊ शकते. समोरच्याकडे ते मुळातच नसेल किंवा काढून घेतल्यावरही तो काम करत राहिला तर बीएसीबीच्या हातात काही नाही. राज्याच्या हातात असतं, दंड करता येतो, कामच थांबवता येतं, कारण लायसन्स सक्तीच्या राज्यात विनालायसन्स काम करणं हाच कायद्याचा भंग असतो. मी प्रत्येकाला म्हणते की दोन्ही तपासा, ते याचसाठी.

आमच्या राज्यात लायसन्स लागतं का?

बहुतेक राज्यांत आता लागतं, पण सगळ्या नाही. २००९ मध्ये नेवाडा आणि ओक्लाहोमापासून सुरुवात झाली आणि मग एकेक राज्य येत गेलं. आपली माणसं जास्त आहेत तिथलं सांगते.

न्यू जर्सीत कायदा २०२० च्या जानेवारीत झाला, पण बोर्ड बसवून नियम तयार व्हायला पुढे काही वर्षं गेली, त्यामुळे एडिसनकडचे जुने अनुभव ऐकताना ते कधीचे आहेत ते विचारा. न्यूयॉर्कमध्ये शिक्षण खातं लायसन्स देतं. इलिनॉयचा कायदा २०२२ चा. मिशिगन, वॉशिंग्टन, मॅसॅच्युसेट्स, व्हर्जिनिया या सगळीकडे लायसन्स आहे, व्हर्जिनियात तर ते बोर्ड ऑफ मेडिसिनकडे म्हणजे डॉक्टरांच्याच बोर्डाकडे आहे. ओहायोत त्याला लायसन्स म्हणत नाहीत, राज्याचं सर्टिफिकेट म्हणतात, कोबा म्हणून, आणि ते सायकॉलॉजीचं बोर्ड देतं.

आणि कॅलिफोर्नियात नाही. बे एरियातल्या आईबाबांचा यावर विश्वासच बसत नाही, की केस कापायला लायसन्स लागतं आणि माझ्या मुलाचा प्लॅन लिहायला नाही? हो, तसंच आहे, फ्लोरिडातही राज्याचं लायसन्स नाही. कॅलिफोर्नियात जे काही बंधन आहे ते इन्शुरन्सच्या कायद्यातून येतं, एसबी ९४६, जो १ जुलै २०१२ पासून लागू झाला. त्यात तीन पायऱ्या आहेत, वरचा प्रोव्हायडर, त्याच्या खालचा प्रोफेशनल आणि मुलाबरोबर बसणारा पॅराप्रोफेशनल, आणि प्रत्येकाची पात्रता लिहिलीय. पण हे इन्शुरन्सने पैसे कोणाला द्यायचे याचे नियम आहेत. तुम्ही खिशातून पैसे देऊन कोणाला घरी बोलावलंत तर त्याला हा कायदा विचारत नाही. तुम्ही तिथे असाल तर बीएसीबीची तपासणी हीच तुमची मुख्य ढाल, ती सोडू नका.

नावापुढे इतकी अक्षरं असतात, कशावर विश्वास ठेवायचा?

बीसीबीए म्हणजे मास्टर्सवाला, बीसीबीए-डी म्हणजे त्यावर डॉक्टरेट (पण अधिकार बीसीबीएइतकेच), बीसीएबीए म्हणजे बॅचलर्सवाला जो बीसीबीएच्या देखरेखीखाली काम करतो, आरबीटी म्हणजे मुलाबरोबर प्रत्यक्ष तासन्‌तास बसणारा टेक्निशियन. ही झाली बीएसीबीची अक्षरं.

राज्याची अक्षरं वेगळी आणि तिथे खरी गंमत नाही, खरा धोका आहे. "एलएबीए" ही चार अक्षरं घ्या. मॅसॅच्युसेट्समध्ये ती पूर्ण लायसन्स असलेल्या ॲनालिस्टची आहेत. टेक्सस आणि वॉशिंग्टनमध्ये तीच अक्षरं असिस्टंटची आहेत, जी स्वतंत्रपणे काम करू शकत नाही, तिच्या वर कोणीतरी एलबीए, म्हणजे पूर्ण लायसन्स असलेला ॲनालिस्ट, असावाच लागतो. बॉस्टनहून डॅलसला आलेल्या एका कुटुंबाने मला अगदी खात्रीने सांगितलं होतं, "ताई, बाई एलएबीए आहेत, तिकडेही आमच्या एलएबीएच होत्या." त्या बाई चांगल्या होत्या, पण असिस्टंट होत्या, आणि त्यांच्या वर कोण आहे हे त्या आईबाबांना तीन महिने माहीतच नव्हतं.

क्यूएबीए आणि आयबीएओ या दुसऱ्या सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थाही आहेत, काही ठिकाणी त्या चालतात. तुमच्या राज्याला आणि तुमच्या इन्शुरन्सला चालतात का ते लेखी विचारा.

तपासायचं कसं? मला टेक्निकल काही कळत नाही.

पाच मिनिटांचं काम आहे. क्लिनिककडून ॲनालिस्टचं पूर्ण नाव (स्पेलिंगसकट) आणि लायसन्स नंबर मागा. मग राज्याच्या साइटवरचा लायसन्स सर्च उघडा, टेक्सससाठी टीडीएलआरचा, आणि तीन गोष्टी बघा. लायसन्स चालू आहे का, कधी संपतंय, आणि त्या माणसावर काही कारवाई झालीय का, कारवाईचे आदेश वेगळ्या सर्चमध्ये असतात तेही बघा. त्यानंतर बीएसीबीच्या साइटवर रजिस्ट्री आहे, तिथे तेच नाव टाका, तिथेही शिस्तभंगाची कारवाई दिसते.

नंबर मागायला लाजू नका. आपल्याकडे डॉक्टरांना डिग्री विचारणं म्हणजे अपमान वाटतो, इथे तो रोजचा प्रश्न आहे, मला कोणी विचारलं तर मी आनंदाने देते. जो नंबर द्यायला टाळाटाळ करतो त्याच्याकडे जाऊ नका, माझं एवढं स्पष्ट मत आहे.

घरी जी मुलगी येते थेरपी द्यायला, तिचं लायसन्स?

टेक्ससमध्ये तिला राज्याचं लायसन्स लागत नाही, ती लायसन्स असलेल्या ॲनालिस्टच्या देखरेखीखाली काम करते म्हणून चालतं. वॉशिंग्टनमध्ये टेक्निशियनलाही राज्याचं सर्टिफिकेशन लागतं, नेवाडात नोंदणी लागते. म्हणजे तुमच्या मुलाबरोबर आठवड्याला वीस तास जी व्यक्ती बसणार आहे तिच्यावर सरकारी नजर असेल की नाही हे तुम्ही कुठल्या राज्यात राहता त्यावर ठरतं.

आरबीटी असेल तर तिचं वय १८ पूर्ण, बारावीपर्यंतचं शिक्षण, ४० तासांचं ट्रेनिंग, पार्श्वभूमीची तपासणी, प्रत्यक्ष काम करून दाखवायची चाचणी आणि मग परीक्षा, एवढं झालेलं असतं. चाळीस तास. एक आठवडा. मी हे तिला कमी लेखायला सांगत नाहीये, मी तिथूनच आलेय आणि काही आरबीटी इतक्या मनापासून काम करतात की बघत राहावं. सांगायचं एवढंच की सगळं तिच्या वरच्या ॲनालिस्टवर उभं असतं.

नियम असा की आरबीटी महिन्याला जितके तास काम करते त्याच्या किमान ५ टक्के देखरेख हवी, आणि महिन्यात किमान दोनदा समोरासमोर किंवा लाइव्ह भेट. ८० तास काम असेल तर ४ तास. पण हे ५ टक्के तिच्या एकूण कामावर मोजतात, तुमच्या मुलावर नाही. तिच्याकडे चार मुलं असतील आणि सगळी देखरेख दुसऱ्याच घरी झाली, तरी कागदावर नियम पाळला गेलेला असतो. त्यामुळे "देखरेख किती" असं विचारू नका, "माझ्या मुलाच्या सेशनला ॲनालिस्ट स्वतः महिन्यातून किती वेळा आणि कुठल्या वारी येणार" असं विचारा, आणि आली की कॅलेंडरवर लिहून ठेवा.

मी आरबीटी होते तेव्हा एका क्लिनिकमध्ये सहा आठवडे माझी सुपरव्हायजर मला दिसलीच नव्हती. त्याच काळात एक दिवस मी दुसऱ्या आरबीटीच्या जागी एका चार वर्षांच्या मराठी मुलाकडे गेले. डेटा शीटवर एका ओळीत लक्ष्य लिहिलं होतं "वॉटर", आणि पुढे अकरा मायनस. अकरा वेळा मागायला सांगितलं, अकरा वेळा चूक. मी बाटली टेबलावर ठेवली, तो माझ्याकडे बघून स्पष्ट म्हणाला, "पाणी". मी बाटली दिली, त्याने प्यायलं, परत म्हणाला, "पाणी". तो पहिल्या दिवसापासून बरोबर मागत होता आणि आम्ही त्याला चूक ठरवून बाटली मागे ओढत होतो. प्लॅनमध्ये घरची भाषा हा रकाना कोराच होता. त्या आरबीटीची चूक मी म्हणणार नाही, तिला मराठी येत नव्हतं. ॲनालिस्टने एकदा जरी त्या खोलीत बसून सेशन बघितलं असतं आणि आईला विचारलं असतं, तर पाच मिनिटांत कळलं असतं. बीएसीबीचा १ जानेवारी २०२२ पासूनचा एथिक्स कोड सांगतो की समोरच्याची भाषा, संस्कृती लक्षात घेऊनच काम करायचं. म्हणून असेसमेंटच्या दिवशी तुम्हीच सांगा, आमच्या घरी मराठी बोलतात, हे हे शब्द त्याला येतात, आणि प्लॅनमध्ये लिहिलंय का ते बघून मगच सही करा.

आईबाबांनी घरी प्लॅनप्रमाणे करायला लायसन्स लागतं का?

नाही. टेक्ससच्या कायद्यात घरच्यांना स्पष्ट सूट आहे. शाळेच्या नोकरीत असलेल्यांनाही त्यांच्या शाळेतल्या कामापुरती सूट आहे, म्हणून शाळेतल्या व्यक्तीचं नाव लायसन्स सर्चमध्ये मिळालं नाही तर घाबरू नका.

इन्शुरन्स देतं का, आणि त्याचा लायसन्सशी काय संबंध?

पन्नासही राज्यांत आता ऑटिझमसाठी इन्शुरन्सचे कायदे किंवा नियम आहेत. मेडिकेडमधून (कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठीचा सरकारी इन्शुरन्स) २१ वर्षांखालच्या मुलांना गरजेच्या सेवा मिळाव्यात असं केंद्राने २०१४ मध्ये राज्यांना स्पष्ट केलं, टेक्ससच्या मेडिकेडने एबीए मात्र २०२२ च्या फेब्रुवारीपासून द्यायला सुरुवात केली.

आपल्या आयटीवाल्यांची अडचण दुसरी आहे. मोठ्या कंपन्यांचे बरेच प्लॅन सेल्फ-फंडेड असतात, म्हणजे कार्डावर नाव इन्शुरन्स कंपनीचं असलं तरी पैसे नवऱ्याची किंवा तुमची कंपनीच देते. अशा प्लॅनना राज्याचा इन्शुरन्सचा कायदा लागू होत नाही, ते केंद्राच्या एरिसा कायद्याखाली येतात. म्हणून शेजारच्यांचं त्याच इन्शुरन्स कंपनीचं कार्ड आहे आणि त्यांना मिळतंय, आम्हाला का नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा इथे असतं. एचआरला एकच प्रश्न विचारा: आपला प्लॅन सेल्फ-फंडेड आहे का फुली इन्शुअर्ड, आणि त्यात एबीए आहे का. उत्तर ईमेलवर घ्या.

लायसन्सचा संबंध असा की लायसन्सच्या राज्यात इन्शुरन्स कंपनी विनालायसन्स माणसाला पैसे देत नाही आणि क्लेम परत आला की बिल तुमच्या दारात येऊ शकतं. बिलावर कोड बघायची सवय लावा. ९७१५१ म्हणजे असेसमेंट, ९७१५३ म्हणजे टेक्निशियनचं सेशन, ९७१५५ म्हणजे ॲनालिस्टने स्वतः येऊन प्लॅन बघणं, बदलणं, ९७१५६ म्हणजे आईबाबांना शिकवणं. तुमच्या कॅलेंडरवर ॲनालिस्ट एकदाच आलीय आणि बिलात ९७१५५ सहा वेगवेगळ्या तारखांना असेल तर विचारा. कॅलेंडरवर लिहा म्हणाले ते यासाठीपण.

मुळात हे नियम आले कशामुळे?

मुलांना त्रास झाला म्हणून. १९७२ च्या सुमारास मायामीतल्या सनलँड नावाच्या सरकारी संस्थेत बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांना "बिहेवियर मॉडिफिकेशन"च्या नावाखाली मारहाण, कोंडून ठेवणं असले प्रकार उघडकीस आले. त्यातून फ्लोरिडाने हे काम कोणी करावं, कसं करावं याचे नियम बनवायला घेतले, पुढे परीक्षा घ्यायला लागले आणि त्याच वाटेवरून नंतर बीएसीबी उभी राहिली.

आणि हे सगळं जुनं झालं असं समजू नका. मॅसॅच्युसेट्समधलं जज रोटेनबर्ग सेंटर अपंग माणसांवर विजेचे झटके वापरत आलंय, एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय यंत्रांवर नजर ठेवणारं केंद्राचं खातं) २०२० मध्ये त्या यंत्रावर बंदी घातली, २०२१ मध्ये कोर्टाने ती उठवली, मग काँग्रेसने २०२२ च्या शेवटी कायदा बदलून एफडीएला अधिकार दिले आणि २०२४ मध्ये एफडीएने पुन्हा बंदीचा प्रस्ताव आणला. मॅसॅच्युसेट्समध्ये बिहेवियर ॲनालिस्टना लायसन्स असूनही हे चालत राहिलं, हे मला अजून पचत नाही.

मोठे झालेले ऑटिस्टिक लोक एबीएच्या विरोधात लिहितात. लायसन्स असलं म्हणजे काळजी नाही ना?

काळजी आहे, आणि त्यांचं वाचा. नजरेला नजर द्यायला भाग पाडणं, हात हलवणं बंद करायला लावणं, रडत असताना सेशन पुढे रेटणं, हे लायसन्स असलेल्यांनीही केलंय. लायसन्समुळे शिक्षण तपासलं गेलंय आणि तक्रार करायला एक दार आहे इतकंच कळतं. प्लॅन वाचताना प्रत्येक लक्ष्यापुढे विचारा की याचा माझ्या मुलाला काय उपयोग. "शांत बसेल" हे उत्तर मला पुरत नाही. "पोट दुखतंय हे सांगू शकेल" हे पुरतं. आणि तुम्हाला सेशन बघायला खोलीत येऊ देत नसतील तर मूल घेऊन बाहेर पडा.

तक्रार कुठे करायची? व्हिसावर असताना केली तर काही होईल का?

लायसन्सचं राज्य असेल तर आधी राज्याकडे, टीडीएलआरला ऑनलाइन तक्रार करता येते. सोबत बीएसीबीलाही कळवता येतं. बिलाचा घोळ असेल तर इन्शुरन्स कंपनीच्या फ्रॉड विभागाला. तारखा, नावं, डेटा शीटचे फोटो, ईमेल, एवढं जोडा, "फार वाईट वागतात" एवढ्यावर काही होत नाही. मुलाला मार लागलाय किंवा कोंडलंय असं वाटत असेल तर बोर्डाची वाट बघू नका, आधी ९११ किंवा राज्याची चाइल्ड अब्यूज हॉटलाइन.

व्हिसाबद्दल: लायसन्स बोर्डाकडे तक्रार करणाऱ्या पालकाचा इमिग्रेशन स्टेटस हा विषयच नसतो. ही भीती आपल्या कितीतरी घरांत असते आणि तिच्यापायी लोक गप्प बसतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

मी एच४ वर (एच१बी-वाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) आहे, आरबीटी होऊ का?

परीक्षा देण्याइतकं शिक्षण तुमच्याकडे आहेच, पण काम करायला वर्क परमिट लागतं, एच४ ला ईएडी (म्हणजे तेच वर्क परमिटचं कार्ड) असेल तरच. बिनपगारी करते म्हणून कोणी सुचवलं तर इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय हो म्हणू नका. बीसीबीए व्हायचं असेल तर मास्टर्सला प्रवेश घ्यायच्या आधीच त्या कोर्सवर बीएसीबीची परीक्षा देता येते का आणि तुमच्या राज्यात लायसन्स मिळतं का, दोन्ही तपासा.

राज्य बदललं तर तीच ॲनालिस्ट ऑनलाइन चालेल का?

नियम मूल कुठे बसलंय त्यावरून ठरतो, ॲनालिस्ट कुठे बसलीय त्यावरून नाही. तुम्ही डॅलसहून सिॲटलला गेलात तर तिला वॉशिंग्टनचं लायसन्स लागेल.

आम्ही पुण्याला परत जातोय. तिकडे काय आहे?

भारतात रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया, आरसीआय, १९९२ च्या कायद्याने आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, स्पेशल एज्युकेटर, स्पीच थेरपिस्ट यांची नोंद तिथे असते आणि नोंद नसताना काम करणं गुन्हा आहे. पण त्या यादीत बिहेवियर ॲनालिस्ट असा वेगळा वर्ग नाही. २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सच्या कायद्याच्या परिशिष्टात "बिहेवियरल ॲनालिस्ट" हे नाव मात्र आलंय, हे वाचून मला खरंच बरं वाटलं होतं.

दुसरीकडे बीएसीबीने २०२३ पासून बहुतेक देशांतून नवे अर्ज घेणं बंद केलं, म्हणजे भारतात राहून आता नव्याने बीसीबीए होता येत नाही. आधी झालेले आहेत, त्यांची नावं रजिस्ट्रीत सापडतात. "इंटरनॅशनल सर्टिफाइड" असं बोर्डावर लिहिलेलं दिसलं तर कोणाचं सर्टिफिकेट आणि कुठल्या वर्षीचं ते विचारा. टीममधल्या बाकीच्यांचा आरसीआय नंबर मागा, आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट असेल तर महाराष्ट्राच्या ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी परिषदेची नोंदणी.

निघायच्या किमान महिनाभर आधी इथल्या क्लिनिककडून असेसमेंटचा रिपोर्ट, चालू प्लॅन, गेल्या सहा महिन्यांचे ग्राफ आणि डिस्चार्ज समरी पीडीएफमध्ये मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. आणि मुलाला येणाऱ्या शब्दांची एक यादी स्वतःच्या हाताने करा, मराठी आणि इंग्रजी शेजारी शेजारी, तो शब्द तो कसा उच्चारतो त्यासकट. तिकडची नवी थेरपिस्ट पहिल्या दिवशी तीच यादी आधी उघडेल.